सुईला रामराम

चौबे कॉलोनी, रायपूर
१० नोव्हेंबर २०२४

चि. ऋता,

फोन तू उचलत नाहीस. आईच्या फोनवरून बोलावं म्हटलं तर आई शेजारीच बसून राहते, मग काय बोलणार? म्हणून कागद. तुमच्या नागपूरच्या पॅकेजिंग कंपनीत सगळं काम स्क्रीनवर होत असेल, पण कागद हातात आला की अंगठ्याने त्याची जाडी चाचपल्याशिवाय तू तो टाकणार नाहीस. वीस वर्षांची प्रेसमधली सवय दोन वर्षांत जात नाही.

सोबत एक पर्चा जोडला आहे. आधी तो बघ, मग पुढे वाच.

बघितलास? भैय्यालालचा आहे. गोल बाजारात भांडेवाल्यांच्या गल्लीत जडीबुटीचं दुकान आहे त्याचं. शुगरवर चूर्ण काढलंय, 'मधुविराम'. माझ्याकडे आला तेव्हा हातात दोन पानं भरून मजकूर होता. बावीस जडीबुटींची नावं, त्याच्या गुरुजींचा फोटो, दुकानाचा फोटो, त्याचा स्वतःचा मोटरसायकलवर बसलेला फोटो. मी म्हटलं, भैया, वर्तमानपत्रातून पर्चा खाली पडतो आणि बाई केरसुणी घेते, त्याच्यामध्ये तीन सेकंद असतात. तेवढ्यात माणसाला एकच गोष्ट कळते. तुमचं गिऱ्हाईक कशाला कंटाळलंय ते सांगा.

तो म्हणाला, "सुई से।"

तिथल्या तिथे ओळ सुचली. 'सुई को कहिए राम-राम!' दुसरं काही ठेवलंच नाही वर. खाली हसणारी म्हातारी, तिच्या हातात बुंदीचा लाडू. तिच्याखाली कूपन: नाव, वय, गाव, मोबाइल, आणि 'अभी क्या लेते हैं, गोली या सुई' त्यावर खूण करायची. कूपन आणणाऱ्याला पहिली पुडी मोफत. त्यामुळे कुठल्या भागात पर्चा चालला ते कळतं आणि दुसऱ्या खेपेला तिथेच जोर लावता येतो. हे मी तुला अकरावीत असताना शिकवलं होतं.

चाळीस हजार छापले. शहरात पेपरमधून, आणि अभनपूर, आरंगच्या बाजारात हातोहात. दुकानासमोर रांगा लागल्या, ऋता. भैय्यालाल पेढे घेऊन आला आणि पाया पडला. या वयात कोणी आपल्या एका ओळीच्या पाया पडतं, बरं वाटतं.

मूळ मजकुरातलं बरंच छाटावं लागलं. ते लागतंच.

तुला काय वाटतं ते कळव. लाल जास्त झाला का? माझ्या डोळ्यांना हल्ली लालातला फरक कळत नाही. कळव, म्हणजे दुसऱ्या खेपेत बदलतो. आईला पत्राचं सांगू नकोस.

तुझे
बाबा


२८ नोव्हेंबर

ऋता,

पर्चा मिळाला असेल. उत्तर आलं नाही, असू दे.

आज वेगळं काम आहे. तुझ्या घरमालकीणबाई दवाखान्यात सिस्टर आहेत असं आई म्हणत होती. त्यांना सहज विचारशील? शुगरचा पेशंट, लहान वयाचा, रोज सुई घेणारा. त्याने चार दिवस सुई घेतलीच नाही तर काय होतं? उलट्या होतात का? ओळखीतल्या एकाने विचारलं, म्हणून विचारतो.

बाकी लग्नपत्रिकांचा सीझन आहे. प्रेसमध्ये बसायला जागा नाही. आज दुपारी टाटीबंधवरून एक कुटुंब आलं होतं, सून, सासू, व्याही, सगळे. सोनेरी की चंदेरी यावर तास घालवला. मधेच एक माणूस भैय्यालालच्या दुकानाचा पत्ता विचारत आला, तो सांगितला. गेला तो.

जेवण गेलं नाही आज. ॲसिडिटी असेल.

सिस्टरबाईंना विचारून फोनच केलास तरी चालेल. पत्राची वाट बघत बसू नकोस.

बाबा


२९ नोव्हेंबर

ऋता,

कालच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते पत्र तुझ्या हातात पडायच्या आत हे पडावं म्हणून हे स्पीड पोस्टने टाकतो, आत्ता पोस्टातच बसून लिहून राहिलो आहे.

तो माणूस पत्ता विचारायला आला नव्हता. चाळिशीचा असेल. पर्चा पॉलिथिनमध्ये घालून आणला होता, पावसाचा थेंब नसताना. पर्च्याच्या तळाशी आपल्या प्रेसचं नाव-पत्ता असतो ना, तो त्याला कोणीतरी वाचून दाखवला होता. प्रेसलाच तो कंपनी समजला. पत्रिकावाले सगळे बसलेले. तो काउंटरशी आला आणि हळूच म्हणाला,

"भैया, ये परचा तुँहर आय?"

मी म्हटलं, "हाँ, बोलो।"

"अभनपुर ले आय हँव। नोनी के सुजी बंद कर देन, जइसे लिखाय हे। अब दू दिन ले उल्टी करत हे। पुड़िया अउ बढ़ा दन का?"

समजलं ना तुला? पोरगी. सुई बंद केली, लिहिल्याप्रमाणे. दोन दिवसांपासून उलट्या. आणि तो मला विचारून राहिला होता की पुडी वाढवू का. पर्चा ज्याने लिहिला त्याला औषध माहीत असणारच, असा त्याचा हिशेब.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मला एवढंच सुचलं की हे संभाषण इथे नको. मी म्हटलं, "मैं तो बस छापता हूँ भाई। दुकान पर पूछो, गोल बाज़ार।" त्याने हात जोडले आणि गेला. मी पुन्हा सोनेरी शाईचे नमुने दाखवायला लागलो. 

नाव विचारलं नाही. मुलीचं वय विचारलं नाही. फोन नंबरही घेतला नाही.

संध्याकाळी कॉलनीतल्या मेडिकलवाल्याला विचारलं. तुझी वाट बघायचा धीर झाला नाही. त्याने हातातली पट्टी खाली ठेवली. म्हणाला, "बच्ची है? रोज की सुई? भैया, फिर तो दिनों का नहीं, घंटों का मामला है। किसकी बच्ची है?" मी म्हटलं, माहीत नाही. आणि खरंच माहीत नाही.

आईला रात्रीच सांगितलं.  ती एकच बोलली, "त्याले दवाखान्यात जा म्हणाले काहून नाही तुम्ही? तेवढं म्हणायले तुमचं काय जात होतं?"

सकाळी भैय्यालालकडे गेलो, कूपनं मागायला. दुकानाचं शटर खाली. शेजारच्या भांडेवाल्याने सांगितलं, दोन दिवस बंदच आहे, साळ्याच्या लग्नाला भाटापाऱ्याला गेलाय. म्हणजे काल तो माणूस तिथे गेला असेल आणि बंद शटरसमोर उभा राहिला असेल. भैय्यालालला फोन लावला. त्याच्या दुकानातल्या पोऱ्याकडून चावी घेतली आणि कूपनांचा डबा उघडला. दोनशे बारा कूपनं. 'सुई'वर खूण असलेली एकतीस. त्यात अभनपूरची चार, आणि चारातलं एक: सोनिया, वय सोळा. पालकाचं नाव हिरालाल. अक्षर गोल, शाळेतल्या पोरीचं, आणि 'सुई'वरची खूण दोनदा गिरवलेली. कूपन तिनेच भरलं असणार.

मोबाइल बंद लागतो. सकाळपासून सतरा वेळा लावला.

उद्या पहिल्या बसने आई आणि मी जातो आहोत.

आणखी एक. मागे मी लिहिलं की मजकूर छाटावा लागला. भैय्यालालच्या कागदावर शेवटची ओळ होती, 'डॉक्टर की दवा और सुई अपने मन से बंद न करें'. त्याने लिहिली होती. मी खोडली. त्याच्या मजकुरावर, माझ्या लाल पेनाने. तो म्हणाला होता, "रहने दें क्या?" मी म्हटलं, एका कागदावर दोन गोष्टी बोललास की दोन्ही मरतात.

दोन वर्षांपूर्वी त्या कोचिंगवाल्याच्या पर्च्यावर खोटे टॉपर टाकायला तू नाही म्हणालीस, तेव्हा मी गिऱ्हाइकासमोर तुला म्हणालो होतो, तू अक्षरं लाव, अक्कल लावू नको. ते मी विसरलेलो नाही.

बाबा


१ डिसेंबर

ऋता,

जिवंत आहे.

आधी हे लिहिलं, म्हणजे तुला खाली शोधावं लागू नये.

अभनपूरला बाजारात विचारलं तर दोन हिरालाल निघाले. पहिल्याच्या घरी गेलो, तो गवंडी, त्याला मुलगेच. दुसऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, ते बंद. घराला कुलूप. मी तिथल्या ओट्यावर बसूनच गेलो. कुलूप लावून घरातले सगळे कशाला जातात, हे मला एकच सुचत होतं. विचारायची माझी हिंमत झाली नाही. आईने शेजारणीला हाक मारली. "दीदी, यहाँ की लड़की..." एवढंच बोलली आणि थांबली. त्या बाईने आईकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "ले गे हें रायपुर। एक सौ आठ म।"

झालं असं. हिरालाल गुरुवारी बंद दुकानावरून परत गेला तोवर पोरगी ओळख विसरली होती. जोरजोरात श्वास घेत होती. वस्तीतली मितानिन, म्हणजे तुमच्याकडची आशाताई, दुसऱ्याच बाईच्या बाळाचं वजन करायला त्या गल्लीत आली होती, तिने दारातूनच तो श्वास ऐकला आणि अँब्युलन्स बोलावली. कोणी ठरवून केलं नाही काही. मी तर नाहीच. त्या दिवशी बाळाचं वजन नसतं तर मी हे पत्र कसं सुरू केलं असतं?

तिथून थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात. तिसऱ्या मजल्यावर वॉर्ड. हिरालाल दाराबाहेर भिंतीला टेकून बसला होता. मला बघून उठला. मला वाटलं, आता मारणार. मारावं असंही वाटलं. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि बायकोला हाक मारली, "देख तो, परचा वाले भैया आय हे! नोनी ला देखे बर आय हे!"

पर्चावाले भैया पोरीला बघायला आलेत, म्हणाला.

आत नेलं मला. बारीक पोरगी, हाताला सलाइन, ओठ सुकलेले. डोळे उघडे होते. चार वर्षांपासून रोज चार वेळा सुई घेते, तिच्या आईने सांगितलं. पोट, मांड्या, सगळीकडे गाठी झाल्या आहेत. पर्चा तिनेच बाजारातून आणला आणि हिरालालला वाचून दाखवला. त्याला वाचता येत नाही. तीन वेळा वाचून दाखवला म्हणे, आणि हसली. चार वर्षांत तशी हसली नव्हती.

मी तिथेही खरं सांगितलं नाही, ऋता. केळी दिली आणि निघालो. जिन्यावर आई म्हणाली, "तुम्ही सांगाल वाटलं होतं मले." मग बसस्टॉपपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती.

संध्याकाळी भैय्यालाल लग्नावरून आला. मी म्हटलं, विक्री बंद कर. तो आधी घाबरला. खुर्चीत बसला, पाणी प्यायला. मग उठून कपाटातून एक कागद काढला. त्याचा मूळ मजकूर. शेवटच्या ओळीवर माझी लाल रेघ, आणि समासात माझ्या अक्षरात: 'इससे असर कम होता है'. हे मी लिहिल्याचं मला आठवतही नव्हतं.

"भैया," तो म्हणाला, "मैं तो बारहवीं फेल आदमी हूँ। मैंने चेतावनी लिखी थी। काटी आपने। आप चुप, तो मैं भी चुप। आप बोलोगे तो ये कागज़ थाने में जाएगा।"

धमकी देतानाही त्याच्या आवाजात रडू होतं. मला त्याचा रागही नीट करता आला नाही.

बाबा


९ डिसेंबर

ऋता,

पत्र नाही तुझं. मी लिहून राहिलो आहे.

एकतीसपैकी सोनिया धरून अठ्ठावीस जण सापडले. आई फोन करते, मी पत्ते शोधत फिरतो. आई सरळ विचारते, "सुई चालू है कि बंद?" काही जण हसले. म्हणाले, पुडी फुकट होती म्हणून घेतली, सुई कोण सोडतं? ते हसणं मला किती गोड लागलं सांगू! पण अकरा जणांनी खरंच सोडली होती. एका बाईच्या पायाची जखम काळी पडायला लागली होती, तिच्या मुलाने त्याच दिवशी नेलं. बाकीच्यांच्या घरी मी जाऊन बसलो आणि त्यांना दवाखान्यात पाठवल्याशिवाय उठलो नाही. विचारलं तर सांगत होतो, कंपनीकडून आलोय, तपासणीला.

एकोणतिसावं कूपन टिकरापाऱ्यातल्या एका रिटायर्ड पोस्टमनचं. त्यांच्या मुलाने दार उघडलं, डोक्याचे केस काढलेले. मागच्या आठवड्यातच गेले. मी विचारलं, काय झालं? "उमर हो गई थी। बहत्तर के थे।" मी विचारलं, सुई? "वो तो तीन हफ्ते से छोड़ दिए थे। बड़े खुश थे।" मग त्याने मला चहा दिला. मी तो प्यायलो.

सुईमुळे गेले की वयाने, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी मेडिकलवाल्याला विचारलं, तोही म्हणाला, सांगता येत नाही. हे मला जन्मभर असंच राहणार आहे.

पण कूपन ज्यांनी आणलं त्यांचीच नावं माझ्याकडे आहेत. पर्चे चाळीस हजार आहेत. ज्यांनी ती ओळ वाचली, पुडी घेतली नाही आणि सुई मात्र सोडली, ते मला कुठे सापडणार?  

दुसरा पर्चा काढायचा असं ठरवलं आहे. आई म्हणाली, "काढा, पण तुमच्यावर येईल असं नका लिहू. या वयात ठाणं-कचेरी तुम्हाले झेपणार नाही." मी तसाच लिहिला आहे. प्रूफ सोबत आहे. वर 'आवश्यक सूचना'. खाली: मधुमेहाच्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कोणतंही औषध बंद करू नये, जनहितार्थ जारी. कोणी काढला ते नाही. प्रेसचं नावही या वेळी काढलं आहे.

तीन वेळा वाचला. कुठे काय खटकतं ते सांग. नाही सांगितलंस तर मी हाच छापतो.

बाबा


१९ डिसेंबर

ऋता,

तुझं पाकीट तेरा तारखेला आलं. त्यात पत्र नव्हतं. माझंच प्रूफ होतं आणि त्यावर तुझं हिरवं पेन. सगळा मजकूर तू एका रेघेने खोडला होतास, आणि समासात लिहिलं होतंस, 'बाबा, हे कोणी वाचणार नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.' आणि वर मोठ्या अक्षरात:

'सुई बंद करने को मैंने लिखा था। मैंने झूठ लिखा था।'

खाली माझं नाव, त्याच मापात. मोबाइल नंबर. आणि त्याखाली एकच वाक्य, सुई सोडली असेल तर आजच दवाखान्यात जा.

मी ते आईच्या हातात दिलं. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. म्हणाली, "पोट्टी तुमचीच आहे."  मग म्हणाली, "छापा."

दोन दिवस लागले मला. मशीन चालू करायचो आणि बंद करायचो. प्लेटवर माझं नाव दिसलं की हात पुन्हा स्विचकडे जायचा. पंधरा तारखेला चाळीस हजार निघाले. तोच पिवळा कागद घेतला, तोच लाल, म्हणजे ज्याने पहिला पाहिला त्याला ओळख पटावी. तेच हॉकर, तेच बाजार.

तेव्हापासून फोन थांबलेला नाही. शिव्या बऱ्याच. एका बाईने माझं पूर्ण नाव घेऊन तळतळाट दिला, मी तो शेवटपर्यंत ऐकला. पण एकोणीस जणांनी विचारलं, "तो अब चालू कर दें?" एकोणीस, ऋता, ज्यांचं कूपन माझ्याकडे नव्हतं. आईने वहीत नावं लिहून ठेवली आहेत, दोन दिवसांनी ती पुन्हा फोन करते, गेलात का विचारते. पत्रिकावाल्यांनी काम परत नेलं. भैय्यालालने दुकान बंद केलं आणि तो कागद खरंच ठाण्यात दिला. काल हवालदार येऊन गेला. उद्या अकरा वाजता बोलावलं आहे.

आणि आज दुपारी हिरालाल आला.

दारात उभा होता, हातात नवा पर्चा. मी उठलो. प्रेसमध्ये दुसरं कोणी नव्हतं.  तो म्हणाला, "तैं वो दिन मोला दुकान पठो देय।" त्या दिवशी तू मला दुकानावर पाठवलंस. दवाखान्यात माझे हात धरून 'भैया' म्हणणारा तो आज 'तैं' म्हणाला. 

मी म्हटलं, "हव।"

"तैं जानत रेहेस?"

"पूरा नहीं जानता था। पर डर गया था। लोग बैठे थे।"

त्याने ते ऐकून घेतलं. काउंटरवर त्याची मूठ होती, ती मला दिसत होती. मी मागे सरलो नाही, एवढं मात्र लिहितो, पण धीर होता म्हणून नाही. मागे मशीन होतं.

मग त्याने पर्चा उलगडून माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, सोनियाने वाचून दाखवला. घरी आणलंय तिला, सुई घेते, पण प्रत्येक वेळी रडते. आणि तिने विचारायला पाठवलंय.

"नोनी पूछत हे, ये परचा सच आय, के एहू लबारी आय?"

हा पर्चा खरा आहे, की हाही खोटा?

मी म्हटलं, "ये सच है।"

तो म्हणाला, "पहिली वाले घलो अइसनेच छपे रिहिस।" पहिलासुद्धा असाच छापला होता.

 तोच कागद, तीच शाई. मी म्हटलं, मुझ पर मत जाओ, डॉक्टर से पूछो. तो म्हणाला, डॉक्टरला विचारलंय, मितानिनलाही विचारलंय. पण पोरगी म्हणते, ज्याने लिहिलं त्याला एकदा तोंडावर विचारून ये. म्हणजे ती ठरवेल.

मी काउंटरच्या बाहेर आलो. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "उसको बोलो, सुई मत छोड़ना। मैंने उससे झूठ बोला था। वो हँसी थी न पढ़के, वो मेरे झूठ पे हँसी थी। माफ़ी माँगता हूँ उससे।" 

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. जे कागदावर वाचता येत नाही ते तिथे वाचत असावा. त्याला काय दिसलं, कोण जाणे. मग पर्चा घडी करून खिशात घातला. म्हणाला, चारची बस आहे, संध्याकाळी सातची सुई तो स्वतःच देतो, उशीर नको. जाताना 'येतो'सुद्धा म्हणाला नाही. आणि मलाही, 'तिला काय सांगणार' हे विचारायचा हक्क नव्हता.

सोनियाने आज सातची सुई घेतली की नाही, मला माहीत नाही. मी हे पत्र सहाला लिहायला बसलो, आता साडेसात झाले.

उद्या ठाण्यात काय होईल तेही माहीत नाही. वकील म्हणतो, कमी बोला. आई सोबत येणार आहे, तिने डबासुद्धा आत्ताच भरून ठेवला, अकरा वाजताच्या कामाला कोणी डबा नेतं का? तिलाही भीती वाटून राहिली आहे. मला तर फार वाटते. तू येऊ नकोस, तुझी नोकरी बघ, असं लिहायचं म्हणून बसलो होतो. पण ते खरं नाही. 

जमलं तर ये.

बाबा